वर्तणुकीचा रकाना

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की कॉन्व्हेंटमधल्या मुलांच्या पालकांना एक सही करावी लागते. शाळेच्या डायरीत, जिला मुंबईतल्या काही जुन्या शाळांत अजून ‘कॅलेंडर’च म्हणतात, बोधवाक्य, प्रार्थना आणि सुट्ट्यांची यादी संपली की नियमांची पाने लागतात. मुलांचे केस कॉलरच्या वर, मुलींच्या दोन वेण्या आणि ठरल्या रंगाच्या रिबिनी. नखे कापलेली, बूट काळे आणि पॉलिश केलेले. मेंदी नको, दागिने नकोत, मोबाइल नको. घंटा झाली की बोलणे बंद, वर्गाबाहेर जायचे ते रांगेने, आणि आवारात बोलायचे ते इंग्रजीतच. शेवटी, हे सारे वाचले आणि मान्य आहे, अशा अर्थाच्या ओळीखाली आईची किंवा वडिलांची सही. बहुतेक पालक न वाचताच ती करून टाकतात, आणि त्यात आळसापेक्षा विश्वासाचा भाग मोठा असतो. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चे, माझगावचे सेंट मेरीज १८६४ चे, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे. तेव्हापासून आजवर हिंदू, मुसलमान, पारशी, जैन, बौद्ध अशा सगळ्या घरांनी आपली मुले फादर-सिस्टरांच्या हाती निर्धास्तपणे सोपवली. ‘तिथे शिस्त आहे’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरत आले.

नियमांच्या त्या पानांवर एक गोष्ट मात्र सहसा सापडत नाही. नियम मोडला तर काय होईल हे तिथे असते: डायरीत लाल शाईचा शेरा, शेरे साठले की पालकांना बोलावणे, मग निलंबन, आणि शेवटी हातात दाखला. पण मुलाला परत कसे घेतले जाईल, त्याची चूक कधी संपली असे धरले जाईल, हे कुठेच नसते. माझे म्हणणे असे आहे की कॅथलिक शाळेची शिस्त नेमकी याच गोष्टीवरून जोखली पाहिजे. असेंब्लीत किती शांतता होती आणि बूट किती चकाकत होते हे दुय्यम आहे. चुकलेल्या मुलाचे शाळेने पुढे काय केले हे मुख्य. ही कसोटी मी बाहेरून आणून लावत नाही. ज्या धर्मपरंपरेतून या शाळा उभ्या राहिल्या तिच्याच पोटातली ती आहे.

माणसाच्या चुकीचे काय करायचे याचा विचार कॅथलिक चर्चने शतकानुशतके फार बारकाईने केला आहे. कन्फेशनचा विधी पाहा. जाळीच्या एका बाजूला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला माणूस, आणि बोलणे कुजबुजीत. ऐकलेले बाहेर फोडायला धर्मगुरूला चर्चच्या कायद्याने पूर्ण बंदी आहे. फोडले तर बहिष्कार. प्रायश्चित्त सांगितले जाते तेही ठरावीक असते: अमुक प्रार्थना करायच्या, घेतलेली वस्तू परत करायची, दुखावलेल्याची समजूत काढायची. ते केले की विषय मिटला. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेत याच्याही पुढची काळजी घेतलेली आहे. कन्फेशनमध्ये कळलेली गोष्ट अधिकारपदावरच्या माणसाला कारभारात कोणत्याही रीतीने वापरता येत नाही. शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने तर आपल्याच वास्तूत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कबुली, त्यांनी आपखुशीने विनंती केल्याखेरीज, ऐकूच नये असे कलम आहे. ज्याच्या हातात शिक्षेचा अधिकार, त्याच्यासमोर मन उघडे करायची वेळ मुलावर आणू नये, इतका समंजस विचार त्यामागे दिसतो. म्हणजे या परंपरेला चुकीबद्दल तीन गोष्टी ठाऊक आहेत. ती चारचौघांपासून झाकून ठेवावी, तिच्या भरपाईला शेवट असावा, आणि भरपाई झाली की माणसाला पूर्वीच्या जागी बसवावे.

याच चर्चच्या शाळांतली रोजची शिक्षा बहुतेक वेळा या तिन्हींच्या उलट जाते. उशिरा आलेल्यांची वेगळी रांग सगळ्या शाळेच्या डोळ्यांसमोर उभी राहते. केस वाढलेल्या मुलाला असेंब्लीत पुढे बोलावतात. डायरीतला शेरा वर्षभर त्या पानावर तसाच राहतो. नवा विषयशिक्षक डायरी उघडतो तेव्हा आधी तोच शेरा वाचतो आणि मुलाबद्दलचे मत तिथेच बनते. सगळ्यांत टिकाऊ असते ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नोंद. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ, जात यांच्या खाली प्रगतीचा आणि वर्तणुकीचा रकाना असतो. जवळजवळ सर्वांच्या दाखल्यावर तिथे ‘चांगली’ असेच लिहिलेले असते, म्हणून तो रकाना कुणी वाचत नाही. पण तोच एक शब्द बदलण्याची धमकी आठवी-नववीतल्या मुलाला घाम फोडायला पुरेशी होते, कारण तो कागद कॉलेजच्या प्रवेशाला लागतो, पुढेही जन्मतारखेचा पुरावा म्हणून जपून ठेवावा लागतो. तेराव्या वर्षी केलेला अविचार पंचविसाव्या वर्षीच्या फाइलमध्ये राहण्याची ही सोय आहे. कन्फेशनमध्ये ज्याला जागाच नाही ते इथे छापील फॉर्मवर आहे. असे दाखले सगळ्याच शाळा देतात, हे खरे. पण सगळ्या शाळांच्या मागे क्षमेची इतकी मोठी शिकवण नसते, म्हणून हा प्रश्न मी कॅथलिक शाळांनाच आधी विचारतो.

शाळा ही शाळा आहे, ते देऊळ नाही आणि कन्फेशनलही नाही, असे कुणी म्हणेल. विधी वेगळा, वर्ग चालवणे वेगळे. पण ज्यांनी या शाळांची घडी बसवली त्यांनी हा फरक असा सोपा मानला नव्हता. जेशुइट धर्मसंघाची शिक्षणसंहिता, ‘रेशिओ स्टुडिओरम’, १५९९ मध्ये पक्की झाली. तिच्यात मुलांना फटके मारण्याची सोय आहे, पण ते संघाच्या माणसाने मारायचे नाहीत. त्यासाठी संघाबाहेरचा वेगळा माणूस नेमायचा. यात थोडी पळवाट आहेच. फटका कुणाच्या का हाताने असेना, पाठ मुलाचीच असते. तरीही शिकवणारा हात आणि मारणारा हात एक असू नये हे त्यांना कळले होते, आणि सोळाव्या शतकातल्या युरोपात ते कळणे सोपे नव्हते. फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त द ला साल यांनी गरीब मुलांच्या शाळांसाठी जी कार्यपुस्तिका लिहिली ती १७२० मध्ये छापून निघाली. तिच्यात शिक्षकाने कमीत कमी बोलावे, वर्गाला खुणेने चालवावे, रागाच्या भरात कधीही शिक्षा करू नये, आणि पट्टी मारलीच तर डाव्या तळहातावर, तीही मोजकी, असे बारीकसारीक सांगितले आहे. आजच्या डोळ्यांना हे क्रूरच दिसते. पण ज्या काळात मास्तराच्या हाताला कुठलाच धरबंध नव्हता त्या काळात हे लगाम होते, आणि दर पिढीत ते आणखी आवळले जावेत हीच त्या परंपरेची दिशा होती.

ती दिशा सर्वांत स्पष्ट झाली तोरिनोमध्ये. जॉन बॉस्को यांचे नाव माटुंग्याच्या शाळेमुळे मुंबईकरांच्या तोंडी आहे, पण त्यांनी १८७७ मध्ये लिहिलेले काही पानांचे टिपण फार थोड्यांनी वाचलेले असते. शिस्तीच्या दोन पद्धती आहेत, असे ते मांडतात. पहिलीत नियम जाहीर करायचे, मग कोण मोडतो यावर नजर ठेवायची, आणि मोडणाऱ्याला शिक्षा द्यायची; अशा पद्धतीत वरिष्ठाने मुलांपासून अंतर राखून कडक चेहऱ्याने वावरायचे असते. दुसरीत नियम तितकेच स्पष्ट सांगायचे, पण मोठ्यांनी सतत मुलांच्यात राहायचे, बोलायचे, वेळीच सावध करायचे, म्हणजे चूक घडण्याआधीच हात धरता येतो. हिला त्यांनी प्रतिबंधक पद्धती म्हटले आणि विवेक, धर्म व जिव्हाळा हे तिचे तीन आधार मानले. तिच्यातले तपशील पाहिले की हा माणूस मुलांच्या किती जवळ राहिला होता ते कळते. मारणे, त्रास होईल अशा रीतीने गुडघ्यांवर बसवणे, कान उपटणे, हे पूर्ण वर्ज्य. कारण कायद्याने त्याला मनाई आहे, मुले त्याने चिडतात आणि शिक्षकाची स्वतःची पत जाते. अगदी विरळा प्रसंग सोडता कुणालाही सर्वांदेखत बोल लावू नये. नाराजीची एक नजर पुष्कळ झाली. आणि मुलांना धावू द्या, उड्या मारू द्या, मनसोक्त ओरडू द्या. १८७७ मध्ये ज्याला ठाम नकार मिळाला ती कान उपटण्याची पद्धत आपल्याकडे एकविसाव्या शतकापर्यंत सुखेनैव चालत आली, आणि तीही याच गृहस्थाला आदर्श मानणाऱ्या समाजात.

त्यांचे १८८४ चे रोमहून लिहिलेले पत्र मला या टिपणाहूनही मोलाचे वाटते. तोपर्यंत संस्था वाढली होती, मुले शेकड्यांनी झाली होती, आणि काहीतरी हरवले आहे हे त्यांना जाणवले होते. पत्रात त्यांनी खेळाच्या मैदानाची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत. जुन्या मैदानात मुले आणि गुरू एकाच खेळात आहेत, हसणे-ओरडणे चालले आहे. नव्या मैदानात मुले कंटाळून खांबांना टेकली आहेत, कुणी कोपऱ्यात कुजबुजते आहे, आणि गुरुजन लांब उभे राहून आपापसांत बोलत आहेत. नियम दोन्हीकडे तेच होते. बदलले होते ते अंतर. मुलांवर आपले प्रेम आहे एवढे पुरत नाही, ते मुलांना कळले पाहिजे, असा त्या पत्राचा गाभा आहे. आज कुठल्याही मोठ्या शाळेची मधली सुट्टी पाहिली की दुसरे चित्र जसेच्या तसे दिसते. शिक्षक स्टाफरूममध्ये वह्यांच्या गठ्ठ्यामागे असतात, मैदानावर एखादे पी. टी. सर शिट्टी घेऊन उभे असतात, आणि त्या वीस मिनिटांत कुणी कुणाचा डबा खाल्ला, कुणाला खेळातून बाहेर काढले, कुणाच्या अंगावर कोण धावून गेले, यातले काहीही मोठ्यांपर्यंत पोचत नाही. पोचते ते भांडण झाल्यावर, शेरा लिहायच्या वेळी.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. संस्थापकांची टिपणे कितीही मायेची असोत, त्यांच्या संस्थांनी मुलांचे काय केले? एडमंड राइस या आयरिश व्यापाऱ्याने १८०२ मध्ये वॉटरफर्डला गरीब मुलांसाठी शाळा काढली. तिच्यातून ख्रिश्चन ब्रदर्स हा संघ उभा राहिला. राइस यांना शारीरिक शिक्षा मान्य नव्हती. अगदी गंभीर आणि विरळा प्रसंगापुरती त्यांनी तिला जागा ठेवली होती. त्याच संघाच्या आणि इतर धर्मसंघांच्या औद्योगिक शाळांत विसाव्या शतकात काय चालत होते ते आयर्लंडच्या सरकारी चौकशी आयोगाने २००९ मध्ये जगापुढे मांडले. मारहाण हा तिथे अपवाद नव्हता, कारभाराचा भाग होता. मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार मुरलेले होते. आणि ज्यांच्याविषयी तक्रारी होत्या त्यांना दुसऱ्या जागी हलवले जात होते. कॅनडातल्या मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांपैकी बऱ्याच कॅथलिक संस्थांनी चालवल्या होत्या. त्यांच्यासाठी पोप फ्रान्सिस यांना २०२२ मध्ये तिथे जाऊन क्षमा मागावी लागली. या वस्तुस्थितीपुढे, ‘आमची परंपरा प्रेमाची आहे’ हे वाक्य पुरेसे ठरत नाही. उलट, प्रेमाची भाषा जिथे चौकशीला परवानगी देत नाही तिथे ती धोक्याची होते, हे आयर्लंडने दाखवून दिले.

म्हणूनच वर सांगितलेल्या झाकून ठेवण्याच्या तत्त्वाची हद्द आखली पाहिजे. मुलाची चूक झाकावी. मोठ्याचा गुन्हा कधीही झाकू नये. आयर्लंडमध्ये नेमके उलटे झाले. मुलांना सर्वांदेखत अपमानित केले गेले आणि मोठ्यांची पापे संघाच्या कपाटात ठेवली गेली. क्षमेचा विचार दुबळ्याच्या बाजूने वापरायचा असतो. तो बलवानाच्या संरक्षणासाठी वापरला की त्याचा अर्थच उलटतो. कॅथलिक शाळेत शिक्षकाविरुद्ध, फादरविरुद्ध, सिस्टरविरुद्ध तक्रार आली तर ती संस्थेच्या बाहेरच्या यंत्रणेकडे, पोलिसांकडे, बालकल्याण समितीकडे गेली पाहिजे, आणि मुलाने अंगठी चोरली तर ती गोष्ट चार भिंतींच्या आत राहिली पाहिजे. अनेक शाळांत अजून हे उलटे घडते, असे मला वाटते, आणि तसे वाटणारा मी एकटा नसावा.

कायद्याची बाजूही याला धरूनच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात तो कायदाच अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही असे ठरवले. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला आहे. ज्या प्रकरणांत हे झाले त्यांत महाराष्ट्राचेही होते. फौजदारी कायदा आणि बालन्याय कायदा सगळ्यांना लागू आहेतच, त्यामुळे कॅथलिक शाळेत मारण्याची मुभा आहे असे कुणी समजू नये. तरी सतराव्या कलमातला ‘मानसिक छळ’ हा शब्द त्यांच्यावर त्या कायद्याने बंधनकारक नाही, ही स्थिती चर्चला अस्वस्थ करणारी असायला हवी. संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपल्या रीतीने चालवण्याचा हक्क दिला, तो सरकारच्या दडपणापासून वाचण्यासाठी. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेचा गणवेश ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि डोक्यावर रुमाल व पूर्ण बाह्यांचा सदरा घालू देण्याची दोन मुलींची मागणी फेटाळली. हक्काचा प्रश्न तिथे सुटला. पण हक्क आहे म्हणून तो प्रत्येक मुलीच्या डोक्यावर चालवलाच पाहिजे असे नाही. ते ठरवताना शाळेला न्यायालयाचा आडोसा घेता येत नाही, स्वतःचेच मन विचारावे लागते.

गणवेशाचा मूळ हेतू मला पटतो. कारखान्यातल्या कामगाराची आणि कारखानदाराची मुलगी एका बाकावर एकाच रंगाच्या कापडात बसते, यात मोठा न्याय आहे. पण प्रत्येक नियमाला हा एकच प्रश्न विचारावा: याने कुणाचे रक्षण होते? मोबाइलबंदीने होते, वेळेच्या नियमानेही होते. नागपंचमीनंतर शाळेत आलेल्या मुलीच्या तळहातावरची मेंदी आठवड्याभरात आपोआप फिकी पडते. तिने कुणाचे नुकसान होत नाही, आणि तिच्यासाठी मुलीला वर्गाबाहेर उभे करण्यात शिस्तीपेक्षा तिच्या घरच्या सणाविषयीचा परकेपणाच जास्त जाणवतो. मुंज झालेल्या मुलाचा गोटा, मनगटावरची राखी, कपाळावरचे भस्म यांचेही तेच. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यांत इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि असेंब्लीत रोज संविधानाची उद्देशिका वाचावी असे स्पष्ट म्हटले आहे. देशभरातल्या सुमारे चौदा हजार शाळांसाठी ही सूचना आहे. ती मेंदीपर्यंत पोचायला हवी.

इंग्रजीच्या सक्तीची गोष्ट आणखी खोल जाते. आवारात मराठी किंवा कोकणी बोलला म्हणून दंड भरलेली, शेरा घेतलेली मुले महाराष्ट्रात आणि गोव्यात पिढ्यानपिढ्या झाली. याचे मूळ अनेकजण इंग्रजी राजवटीत शोधतात, पण ते त्याहून जुने आहे. १५९९ च्या त्याच जेशुइट संहितेत मुलांनी शाळेत लॅटिनच बोलावे, शाळेच्या कामकाजात मातृभाषा चालू देऊ नये, असा नियम आहे. लॅटिनच्या जागी इंग्रजी आली, नियम तसाच राहिला. आणि त्याच जेशुइट संघाचा एक इंग्रज धर्मगुरू, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. संघाच्या शाळेचा नियम एक सांगत होता आणि संघाच्याच माणसाचे काम दुसरे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठी शाळा, मराठी मासिक आणि मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर दिब्रिटो दिले, तेव्हा त्यांनी स्टीफन्सचा वारसा उचलला. इंग्रजी उत्तम यावे म्हणून इंग्रजीतच बोलण्याचा आग्रह समजू शकतो. मात्र चिमुरड्याच्या तोंडून खेळताना आईची भाषा निघाली तर तो गुन्हा ठरवणे हे शिकवणे नाही.

यावर बरेच पालक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही, की आम्हाला कडक शाळाच हवी आहे. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, पाण्याच्या वेळेवर दिवस ठरतो आणि वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलते, तिथल्या मुलाला रोज त्याच वेळी होणारी घंटा हा मोठा आधार असतो. वेळ पाळणे, बोलण्याआधी हात वर करणे, अनोळखी मोठ्या माणसाशी न घाबरता बोलणे, या सवयींनी पहिल्या पिढीतल्या कितीतरी मुलांना बँकेत, विमान कंपन्यांत, रुग्णालयांत उभे केले. श्रीमंतांच्या मुलांना ढिलाई परवडते, आमच्यांना नाही, असे ते सांगतात तेव्हा मान डोलवावीच लागते. पण या यादीतली एकही गोष्ट अपमानाने येत नाही. घंटेची वेळ पाळण्यासाठी कुणाला सर्वांसमोर हिणवावे लागत नाही. उलट जे मूल घरून आधीच धाकात आलेले असते त्याला शाळेत दुसऱ्यांदा धाक दाखवला तर ते वेळ पाळायला शिकते की नाही ते सांगता येत नाही, खोटे बोलायला मात्र हमखास शिकते. वडिलांची सही स्वतः करायची कला डायरीतल्या लाल शेऱ्यांनीच शिकवली आहे.

दुसरा पालक विचारेल: ज्या मुलाने माझ्या मुलीला वर्षभर छळले त्याला परत घ्यायचे, तर मग माझ्या मुलीने कुठे जायचे? याचे उत्तरही कन्फेशनच्या विचारातच आहे. भरपाईशिवाय क्षमा पुरी होत नाही. चोरलेली वस्तू खिशात ठेवून चोरीची माफी मागता येत नाही. छळ करणाऱ्या मुलाने काय केले ते तिच्यासमोर, तिची तयारी असेल तेव्हाच आणि मोठ्यांच्या देखत, मान्य करावे. तिचे गेलेले मित्र, तिची बाकावरची जागा, तिचा निर्धास्तपणा परत मिळवण्यासाठी त्याने ठरवून दिलेले काम करावे. आणि तोपर्यंत तिच्यापासून दूर राहावे. हे तीन दिवस घरी बसवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. निलंबन मुलाला टीव्हीसमोर नेऊन बसवते. काही मुलांना शेवटी शाळेतून काढावेच लागते. बॉस्को यांनीही काढली, जेशुइट संहितेतही त्याची तरतूद आहे. पण काढण्याआधी शाळेने आपल्या बाजूने काय काय केले हे तिला लेखी सांगता आले पाहिजे, आणि त्या मुलाला दुसरी शाळा मिळवून देण्याची खटपटही तिनेच केली पाहिजे. वर्षाच्या मध्यात दाखला हातात आलेल्या मुलाला दुसरीकडे दार उघडणे किती अवघड असते हे मुख्याध्यापकांइतके कुणालाच ठाऊक नसते.

उरतो तो आकड्यांचा आक्षेप. एका वर्गात साठ मुले, तीन-तीन तुकड्या, एका शिक्षिकेने किती जणांवर जीव लावायचा? बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ मधल्या लैंगिक अत्याचाराच्या भयंकर घटनेनंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही कॅमेरे सक्तीचे केले, आणि ते योग्यच झाले. मोठ्यांवर नजर ठेवायला ते हवेतच. पण मुलांच्या शिस्तीसाठी त्यांच्यावर विसंबले तर ती बॉस्को यांनी नाकारलेली पहिली पद्धत होते. दुरून पाहायचे, चूक पकडायची, पुरावा दाखवायचा. कॅमेरा कोण रडतो आहे ते दाखवील, का रडतो आहे ते विचारणार नाही. विचारायला माणूस लागतो, आणि तो माणूस आज बहुतेक वेळा फादर किंवा सिस्टर नसतो. कॅथलिक शाळांतले बहुसंख्य शिक्षक धर्मसंघाबाहेरचे आहेत, बरेचसे ख्रिस्तीही नाहीत, आणि अनेकजण कंत्राटी पगारावर आहेत. त्यांच्याकडून संस्थापकांच्या मायेची अपेक्षा ठेवायची, आणि त्यांना उशीर झाला की अर्धी रजा कापायची, मुलांच्या देखत बोलायचे, हे चालणार नाही. नव्या शिक्षकाला रुजू होताना वेळापत्रक आणि बदली तासांचा तक्ता मिळतो. १८७७ चे ते टिपण मराठीत आणून त्याच्याबरोबर द्यावे, आणि मधल्या सुट्टीतली वीस मिनिटे त्याला मोकळी द्यावीत, ती वह्यांत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात घालवू नयेत. त्यासाठी वर्गातली मुले साठावरून पंचेचाळिसावर आणावी लागली, आणि प्रवेशासाठी आलेल्या काही श्रीमंत अर्जदारांना नाही म्हणावे लागले, तर ते व्यवस्थापनाने या जूनपासूनच म्हणावे.